वरच्या बाणाची कळ

बाबा गेल्यावर बालाघाटच्या घरी त्यांचं कपाट आवरताना माझा जुना लॅपटॉप सापडला. चार्जर लावून पायथॉन या संगणकभाषेची ती काळी खिडकी उघडली आणि बाबांच्या जर्द्याचा वास आल्यासारखं झालं.

मी पायथॉन शिकत होतो तेव्हा एका दुपारी बाबा शेजारी येऊन बसले होते. मी दोन अधिक दोन लिहिलं, खाली लगेच चार उमटलं.

"याले काही बी विचारलं तं जवाब देते का रे?"

"हौ बाबा, देते," मी मान वर न करता म्हणालो. त्यांनी कळांवर बोट ठेवताच मी लॅपटॉप ओढून घेतला. "तुमचं काम नाही हे." ते कसनुसं हसून उठले. पुढे नवा लॅपटॉप घेऊन मी पुण्याला गेलो. हा इथेच राहिला.

आज वरच्या बाणाची कळ दाबली. तिने जुन्या ओळी परत येतात. इंग्रजी अक्षरांत एक ओळ आली, माझी नव्हे: 'पोरगा कवा येईन'. पुन्हा दाबली, तीच. पुन्हा, तीच.

मी एंटर दाबलं. इंग्रजीत उत्तर आलं: लिहिण्यात चूक आहे.

दर वेळी हेच वाचून बाबांना वाटलं असेल, आपल्यालेच नीट विचारता येत नाही.