वाऱ्यालाही उभे न राहणारे

टाकीवाले काका रंगाच्या कारखान्यातलं विषारी सांडपाणी सांभाळायचे. बंद टाकीतले जंतू ते विष पचवत, पण हवा लागली की संपलेच. नवं रसायन आलं की काका ते त्यांना थोडं थोडं पाजत, अंगवळणी पडेपर्यंत. विष पचलं की वायू सुटे; नळीतून त्याचे बुडबुडे आले की काका म्हणत, "जेवली पोरं."

कपड्यांना सडक्या अंड्यांचा वास यायचा, म्हणून डब्याच्या वेळी कुणी त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहत नसे. बायको गेल्यापासून घरीही घास उतरेना.

"दादा, बाहेर पड जरा, माणसांत जा," बहीण फोनवर म्हणाली.

"निघालोच," काका म्हणाले.

सुट्टी असूनही ते डबा घेऊन टाकीपाशी बसले. पहिला बुडबुडा येईपर्यंत थांबले आणि मगच घास घेतला.