खरखरीत निघालेला लॉट

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोलासुद्धा सांगितली नाही. कारखान्याचा विषय निघाला की दुसरंच काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो.

महाप्याच्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. बेअरिंगच्या पोलादी कड्या आमच्याकडे फॉस्फेटिंगला यायच्या. गरम रसायनाच्या टाकीत बुडवल्या की त्यांच्यावर काळपट थर चढतो. तो थर तेल धरून ठेवतो, म्हणून कड्या कमी घासतात, कमी झिजतात. मात्र थराचा दाणा बारीक हवा. त्यासाठी आधी कड्या शेजारच्या टाकीत बुचकळून घ्यायच्या. त्या टाकीत रोज सकाळी मापाने एक पावडर पडायची. ते काम मामांचं. मराठवाड्यातून आलेले, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. पावडर टाकली की मापाचा डबा ते टाकीच्या काठावर उपडा ठेवत.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत पावडरच्या टाकीची पातळी कमी दिसली म्हणून मी पाण्याचा नळ सोडला आणि फोन आला म्हणून केबिनमध्ये गेलो. परत आलो तर टाकी भरून वाहत होती. पावडरचं निम्मं-अधिक पाणी गटारात गेलं होतं. मी नळ बंद केला, फरशीवर फडकं फिरवलं आणि गप्प राहिलो. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं.

संध्याकाळी मामांनी एका कडीवरून नख ओढलं. "साहेब, दाणा मोठा वाटतोय. हाताला खरखरीत लागतंय."

"जाऊ द्या मामा, गाडी उभी आहे."

महिन्याभरात लॉट परत आला. थर सुटला होता, कड्या झिजल्या होत्या, तेलात लोखंडाचा चुरा होता. मालकांनी दोघांना समोर उभं केलं. त्यांनी विचारण्याआधीच मी म्हणालो, "सकाळी पावडर टाकायची राहिली असेल."

मामा म्हणाले, "टाकली होती साहेब. डबा उपडा होता ना."

"सवयीने ठेवला असेल उपडा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. भांडले असते तर बरं झालं असतं. मग खाली बघत म्हणाले, "असंल. माझ्याकडूनच राहिलं असंल."

मालक त्यांना काढायला निघाले होते. जुना माणूस आहे, पॅकिंगला ठेवू, असं मीच सुचवलं. मामांनी बाहेर येऊन माझे हात धरले. मी ते धरू दिले.

निवृत्तीनंतर मी खांदेश्वरला राहायला आलो. मामा कामोठ्याला, मुलाकडे. खरं सांगायचंच, असं ठरवून गेल्या वर्षी त्यांच्या घरी गेलो. मामी चहा देताना म्हणाल्या, "ह्यांना घेऊन कुठं जायची सोय नाही बघा. सोसायटीच्या गेटपर्यंत जातात आन् कुलूप बघायला परत येतात. परवा तर मी आतच, आन् हे बाहेरून कुलूप लावून तीनदा ओढून बघतेत."

मामा हसले. "कारखान्यात एकदा विसरलो ना, तवापासून सोताचा भरवसा वाटत नाही. साहेब होते म्हणून नोकरी राहिली."

"किती वेळा सांगाल त्यांना? त्यांचा चहा निवला," मामी म्हणाल्या.

वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी कप उचलला, चहा छान झालाय म्हणालो, आणि उठलो.

चार महिन्यांनी मामा गेले. भेटायला गेलो तेव्हा मामींनी आलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली: ह्या साहेबांनी आमच्या ह्यांची नोकरी वाचवली. तेव्हाही मी फक्त हात जोडले.

मला एवढंच म्हणायचं होतं: मामा, त्या दिवशी पावडर तुम्ही टाकली होती. नळ मी सोडून गेलो होतो. तुम्ही काहीही विसरला नव्हतात. मला माफ करा.