दगडखाण आणि विषम आकडा

मृणालिनीबाईंचा दगडांवर फार जीव. प्रभादेवीच्या त्यांच्या दोन खोल्यांत फ्रिजवर दगड, फ्रिजखाली दगड. एकदा तर भाजीच्या कप्प्यातून कोबीच्या आकाराचा काळा पाषाण निघाला होता. त्यावरून कुरकुर करायला घरात दुसरं माणूस नव्हतं, तेवढीच सोय.

परळच्या शाळेत तीस वर्षं त्या भूगोल शिकवत होत्या आणि दरवर्षी आठवीच्या मुलांना शिवडीच्या टेकडीमागच्या बंद दगडखाणीत नेत होत्या. फळ्यावर लाव्हा लाल खडूने काढता येतो, पण त्याला हात लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सहलीचा नियम एकच. रस्ता ओलांडताना जोडीदाराचा हात धरायचा. जो सुटा उरेल, त्याने बाईंचा.

आणि तीस वर्षं कोणीतरी सुटं उरतच आलं. हा योगायोग बाई स्वतः घडवून आणत. अडतीस नावं आली, की एकोणचाळिसावं मिळवायला घोडपदेवच्या चाळींचे चार-चार जिने चढत. पालकांना वाटे, केवढी ही विषयाची तळमळ. वर्षभरात बाईंचा हात कोणी धरायचं ते या एकाच दिवशी, हे कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

यंदा निवृत्तीआधीची शेवटची सहल. नावं आली बावीस. बाईंनी मनवाच्या आईला फोन लावला.

“बाई, तिला धुळीची ॲलर्जी आहे हो.”

“खाण बंद आहे. तिथे तीस वर्षांत कोणी शिंकलंसुद्धा नाही.”

“पण दगड तर ऑनलाइन पण दिसतात ना?”

बाईंनी फोन ठेवला.

सहलीच्या सकाळी मात्र निरोप आला, सलोनीला ताप आहे. म्हणजे एकवीस. बाईंना इतका आनंद झाला, की त्याची लाज वाटून त्यांनी सलोनीच्या आईला दोनदा फोन करून ताप विचारला.

तेवढ्यात नवे गंधार सर धावत आले. “बाई, नवा नियम निघालाय. दोन शिक्षक पाहिजेत. मोठ्या बाईंनी मला पिटाळलं.”

शिवडीला बसमधून उतरल्यावर बाई म्हणाल्या, “जोड्या.”

सुटा उरला राजस. त्याने बाईंकडे पाहिलं, मग सरांच्या नव्याकोऱ्या बुटांकडे पाहिलं, आणि सरांचा हात धरला.

खाणीत बाई नेहमीसारख्या रंगात आल्या. दोन काळ्या थरांमधल्या लाल पट्टीवर तळवा ठेवून म्हणाल्या, “लाव्हा आला, निवला. मग पुढचा येईपर्यंत हजारो वर्षं तसाच पडून होता. त्या काळात खडकाची झालेली ही माती.”

“तेव्हा इथे कोण होतं, बाई?” कादंबरीने विचारलं.

“माणूस एकही नाही.”

“मग बोअर झालं असेल ना त्याला.”

मुलं हसली. बाईही हसल्या. पट्टीवरचा हात काढायला त्यांना जरा वेळ लागला.

परतताना रस्त्यावर बंदराकडचे ट्रक धडधडत होते. सवयीने बाईंचा डावा हात मागे गेला आणि रिकामाच राहिला. मग त्यांनी तो वर केला. एक ट्रक करकचून थांबला. मुलं निघाली. मधोमध उभ्या राहून बाईंनी मोजल्या: सरांसकट अकरा जोड्या. आकडा बरोबर.

ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. “और कोई है, मॅडम?”

“एकच,” बाई म्हणाल्या, आणि ओलांडून गेल्या.