बिस्मिल्लाची सर्व्हिस

आमच्या क्लबातला निसार टेनिस शिकवतोय की स्वयंपाकघर लावतोय, हे नवख्या माणसाला कळत नाही. "चेंडू फेकू नगासा. फळीवर डबा ठेवतासा न्हवं, तसा वर ठेवा. हळू." नोकरीतून सुटल्यावर, गुडघे कुरकुरायच्या वयात मी रॅकेट हातात धरली, आणि पहिल्याच सकाळी माझी सर्व्हिस जाळीवरून थेट रस्त्यावर गेली. निसार हसला नाही. हसायला बाकीचे मेंबर होतेच.

निसार क्लबाचा मार्कर. म्हणजे मेंबरांबरोबर खेळायचं, पोरांना शिकवायचं, कोर्टावर पाणी मारायचं आणि सेक्रेटरी उदयसिंहांचा चहा आला का तेही बघायचं. कुठलंही काम सुरू करताना तो 'बिस्मिल्ला' म्हणतो. मोपेडला किक मारताना, पाण्याचा पाइप सोडताना, चेंडूंच्या नव्या डब्याची कडी ओढताना. बिस्मिल्ला, की डबा फस्सकन उघडला. आपण श्रीगणेशा करतो, तसंच ते.

सर्व्हिस करून दाखवतानाही हाच शब्द यायचा, फक्त तिथं त्याचे तीन तुकडे व्हायचे. 'बिस्'ला दोन्ही हात खाली. 'मिल्'ला चेंडूचा हात वर, गुडघे वाकलेले. 'ला'ला फटका आणि सगळा श्वास बाहेर. हा शब्द त्यानं कुणाला शिकवला नव्हता. तो दाखवायचा, आम्ही बघून करायचो, आणि शब्दासकट करायचो. अंबाबाईचं दर्शन घेऊन थेट कोर्टावर येणारा मीसुद्धा बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय चेंडू सोडत नसे. त्यात काही आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सुष्मिताचा घोळ याच्याही पुढचा होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या अण्णाप्पा पाटलांची ही मुलगी. चौथीत असताना आली, आणि तिला वाटलं, हा शब्द टेनिसचाच आहे. ड्यूस, लेट, लव्ह आणि बिस्मिल्ला. एकदा शाळेच्या स्पर्धेत तिनं समोरच्या मुलीला ठणकावून सांगितलं होतं, "सर्व्हिसच्या आधी बिस्मिल्ला करायचं असतंय. तू करत न्हाईस, म्हणून तुझा फॉल्ट जातोय." आम्ही पोट धरून हसलो. निसार तेवढा हसला नाही. कानाला हात लावून वर बघितलं आणि म्हणाला, "पोरीची सर्व्हिस मात्र सरळ हाय."

सरळ म्हणजे काय! दहावीत जाईपर्यंत जिल्ह्यात तिच्या सर्व्हिसला उत्तर नव्हतं. यंदा राज्याच्या संघाची निवड आमच्याच कोर्टावर होणार होती, आणि ती नक्की जाणार हे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मग जिल्ह्याच्या फायनलचा व्हिडिओ फिरला. कुण्या कौतुकवाल्यानंच काढलेला. सर्व्हिस झकास, आणि शब्द खणखणीत. दोन दिवसांत तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला, त्याखाली काय काय लिहिलं गेलं, ते इथं लिहायची माझी इच्छा नाही.

अण्णाप्पा क्लबावर आले. भला माणूस. बराच वेळ हवापाण्याचंच बोलत बसले. मग निसारला म्हणाले, "मास्तर, माझं काय न्हाय बगा. पोरगी तुमच्या हाताखाली मोठी झालीया. पण गडहिंग्लजपासनं पावण्यांचं फोन यायला लागल्यात. उद्या तिचं लगीन हाय, काय हाय. तेवढा शब्द बदलता येतोय काय?"

उदयसिंहही म्हणाले, "निसार, तू चुकलास असं कोण म्हणत न्हाय. पण तेवढं बदल की. उगं कशाला?"

मला चीड आली. कुणाची, ते मात्र सांगता येईना. भांडायला समोर कुणीतरी लागतं. इथं सगळेच समजूतदार, सगळेच निसारच्या बाजूचे, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच. निसार मान खाली घालून रॅकेटची तार बोटानं सरळ करत राहिला. "बदलतो की साहेब," म्हणाला. "शब्दाचं काय एवढं."

पण शब्दाचंच सगळं होतं. सुष्मितानं 'एक-दोन-तीन' करून बघितलं. 'तीन' म्हटलं की तोंड मिटतं, श्वास आत अडकतो, चेंडू नेटमध्ये. नुसता श्वास मोजून बघितला, तर हात 'दोन'लाच धावायचा. मी आपला शहाणपणा करून 'मोरया' सुचवला. तो शब्द इतका दणक्यात आला, की चेंडू पार मागच्या जाळीत. निसार संध्याकाळभर बाकावर बसून ओठ हलवत होता. शेवटी उठला आणि अण्णाप्पांना फोन लावला.

"पाटील, बसवण्णा चालंल काय? बस-वण्-णा. शेवटाला तोंड उघडं ऱ्हातंय."

पलीकडं अण्णाप्पांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाले, "मास्तर, आमच्या देवाचं नाव तुम्ही शोधून दिलासा. आता कोण काय बोलंल?"

आणि खरंच, जमलं. 'बस'ला हात खाली, 'वण्'ला वर, 'णा'ला फटका. सराव बघणाऱ्या उदयसिंहांनी सगळ्यांना चहा सांगितला. निसारही हसला. एवढंच माझ्या लक्षात आलं, की हल्ली तो स्वतः सर्व्हिस करून दाखवत नव्हता. बाजूला उभा राहून नुसतं तोंडानं सांगायचा.

निवडीच्या दिवशी जाळीला लागून माणसं उभी होती, आणि नेहमीसारखे बऱ्याच जणांचे मोबाइल वर होते. सुष्मिता लाइनवर आली. चेंडू तीनदा आपटला. तोंड उघडलं, 'ब...' आणि थांबली.

दोन्ही शब्द 'ब'नंच सुरू होतात. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, निसारच्याही नाही. सरावात समोर निसार होता, भीती नव्हती. आता जाळीवर मोबाइल होते. 'ब' म्हटल्यावर पुढं कोणता बाहेर पडेल याची त्या पोरीला खात्री वाटेना. वर्षानुवर्षांचा शब्द जिभेवर, आणि आठवड्याचा शब्द डोक्यात. हात वर गेला, पण चेंडू हातातच राहिला. पुन्हा केलं. चेंडू डोक्याच्या मागं गेला, फटका नेटमध्ये; दुसरा फटकाही तसाच. डबल फॉल्ट. मग दुसरा. मग आम्ही मोजणं सोडलं.

खेळताना बाहेरून सांगायला बंदी असते. पण बंदी नसती तरी निसार काय सांगणार होता? ज्या एका शब्दानं तो हात सुटला असता, तो या जाळीभोवतीच्या माणसांत त्यालाच म्हणता येत नव्हता. तो जाळीत बोटं रुतवून उभा होता. सुष्मितानं एकदा वळून त्याच्याकडं बघितलं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. त्या वेळी त्याच्या तोंडाकडं मला बघवेना.

समोरच्या मुलीला फार काही करावंच लागलं नाही. निवड तिची झाली. अण्णाप्पा येऊन निसारच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सुष्मिता रडली नाही. एवढंच म्हणाली, "चाचा, तोंडच उघडंना माझं."

"व्हय पोरी," निसार म्हणाला. "बगितलं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. ती येणार नाही असं मला वाटलं होतं. रॅकेट घेऊन लाइनवर जाऊन उभी राहिली. जाळीपलीकडं कुणी नव्हतं, मोबाइल नव्हते. निसारनं पेटीतून चेंडूंचा नवा डबा काढला, कडीत बोट घातलं. त्याचे ओठ हलले. मग त्यानं सुष्मिताकडं बघितलं, रिकाम्या जाळीकडं बघितलं, आणि ओठ मिटले. बोट कडीत तसंच राहिलं. कडी काही ओढली जाईना.

"चाचा, चेंडू," सुष्मितानं हाक मारली.

निसारनं डबा माझ्यापुढं धरला. "साहेब, जरा उघडून देता काय?"

मी डबा घेतला. फस्सकन उघडला. आमच्यापैकी कुणीच काही म्हटलं नाही.