आत्यांची वेगळी फळी

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, छातीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. डॉक्टरांनी सहा सांगितल्या होत्या. दोन झाल्या आणि आत्या म्हणाल्या, "बास आता. मला गावाकडं नेऊन सोडा. शेतातल्या वस्तीवर एकटी राहते मी."

आम्हाला वाटलं, भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत जीव गुदमरला असेल. आत्या अक्कलकोटकडच्या, निम्मं आयुष्य रानात गेलेलं. नवऱ्यानं समजावलं, मी चिडले, पण त्या हटेनात. तिसऱ्या केमोला चला, मग बघू, एवढ्यावर कसंबसं तयार केलं.

त्यांच्या मनाची काळजी मला नव्हतीच. बाई खमकी. उलट आजारपणात देवधर्म वाढलाय, असंच मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं विसळायचं आणि पिऊन टाकायचं, कणही वाया घालवायचा नाही, ही आमच्या लिंगायत घरातल्या जुन्या माणसांची रीत. आत्या ती पाळायच्याच. पहिल्या केमोनंतर मात्र त्या स्वतःचं ताट स्वतःच मोरीत नेऊन घासायला लागल्या. इतर भांड्यांत मिसळू देईनात. मी म्हटलं, सोवळं कडक झालं, त्यांच्या कन्नडात मडी. शाळेत शिकवणारी मी, मला असलं काही पटत नाही. पण आजारी माणसाशी काय वाद घालायचा? त्यांच्या ताट-तांब्यासाठी वेगळी फळी ठोकून घेतली. चार वर्षांच्या लेकीला बजावलं, "आज्जीला शिवायचं नाही, तिची मडी मोडते." किती समजूतदार सून आहे मी, असं मलाच वाटायचं.

तिसऱ्या केमोच्या दिवशी सिस्टरनं बीपी बघितलं आणि आत्यांना विचारलं, "मनाला कसं वाटतंय, आज्जी?"

"एकदम छान," मी म्हणाले. "देवाधर्मात रमल्यात."

"ताई, मी त्यांना विचारलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोरगी, मला शिकवते! पण ती विजापूरकडची निघाली. स्टूल ओढून आत्यांशी कन्नडात बोलायला लागली. माझं माहेर मराठी बोलणारं, तरी कन्नड मला कळतं. तिनं विचारलं तरी काय, तर घरात तुमच्याजवळ कोण झोपतं आणि जेवायला बरोबर कोण बसतं.

आत्या रडायला लागल्या. ऑपरेशनच्या वेळीही डोळ्यांत टिपूस न आलेली बाई. "माझा रोग त्या कूसाला लागला तर?" कूस म्हणजे लेकरू. म्हणून ताट वेगळं, म्हणून वस्तीवर जाऊन एकटीनं मरायचं. पुढचं त्या माझ्याकडं न बघता बोलल्या, "सून शिकलेली आहे, तिला सगळं कळतं. तिनंच माझं वेगळं मांडून दिलं, पोरीला लांब ठेवलं. बरोबरच केलं तिनं."

मला मरणाची लाज वाटली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

हा रोग ताटातून लागत नाही, शिवल्यानं लागत नाही, मांडीवर घेतल्यानं लागत नाही, असं सिस्टरनं सांगितलं. आत्यांनी तीनदा विचारलं, तिनं तीनदा सांगितलं. वर डॉक्टरांना बोलावून त्यांच्या तोंडूनही वदवलं. मग आत्या मला मराठीत म्हणाल्या, "म्हंजे, तू भ्याली न्हवतीस व्हय?"

"न्हाय आत्या. मला वाटलं, मडी हाय."

ते खरंच होतं. पण फळी ठोकल्यावर मला जरा बरं वाटलं होतं, हेही खरं. ते कशानं वाटलं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं.

दुपारी घरी आलो. आत्या दमल्या होत्या, तरी आडव्या झाल्या नाहीत. पलंगावर भिंतीला टेकून बसल्या आणि दोन्ही हात पुढं केले. "ये गं बाळा."

लेक दारातच उभी राहिली. दीड महिन्यात पहिल्यांदा आज्जी तिला जवळ बोलवत होती. तिनं एक पाऊल टाकलं, थांबली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "आई, शिवू का आज्जीला?"