झोपलेल्याला उठवू नये

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं, आणि माहेरी जाऊन मी काही केलं असेल तर झोपा काढल्या. सासर नाशिकला, मळ्यात गुलाब आणि शेवंती. फुलं उजाडायच्या आत तोडावी लागतात, त्यामुळे आमच्याकडे झोप म्हणजे चैन. दिवाळीला गेले की आई दारातच माझं तोंड न्याहाळायची. "डोळे लय खोल गेलेत तुझे. आधी झोप, मग बोलू." तिच्या डॉक्टरीत एकच औषध होतं. डोकं दुखतंय, झोप. पित्त झालंय, झोप. सासूचा राग आलाय, तरी झोप. उठल्यावर तेवढा राहत नाही म्हणायची, आणि खरंच राहायचा नाही. चार दिवसांत मी माणसात यायचे.

"झोपलेल्याला उठवू नये, पाप लागतं," हा तिचा कायदा. समोर कांद्याचा टेम्पो भरत असला तर ही रस्ता ओलांडून ड्रायव्हरला सांगायची, "हळू रे बाबा, हॉर्न नको वाजवू, लेक झोपलीय माझी." मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी कूस बदलून पुन्हा झोपायचे.

तिला स्वतःला असं माहेर मिळालंच नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली होती.

गेल्या वर्षी तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून सोडल्यावर मी तिला हट्टानं माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, गोळ्यांइतकीच झोप महत्त्वाची. पुरेशी झोप झाली की रक्तदाब ताब्यात राहतो, हृदयाला विसावा मिळतो. हे तर ती जन्मभर मला सांगत आली होती. पण स्वतः पाळेल तर शपथ. पहाटे आम्ही फुलं तोडायला निघालो की ही उठून बसलेली, हार ओवायला घेतलेला.

"आई, झोप की गं."

"जावयाच्या घरी दिवस वर येस्तोवर लोळू? तुझी सासू काय म्हणंल?"

सासूबाईंनीही समजावलं, "विहीणबाई, घर तुमचंच हाय, निवांत पडा." आई हसायची आणि सुई हातात घ्यायची. शेवटी एकदा माझं डोकं फिरलं. सुई हिसकावून घेतली आणि ओरडले, "मला आयुष्यभर झोपवलंस ना? मग हे तुझं माहेर समज आणि झोप!" ती बघतच राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं बाई. झोपते."

दुसऱ्या दिवशी मळ्यातून आले, तर ती खरंच झोपलेली. भिंतीकडे तोंड, गोधडी कानापर्यंत. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग मी तिचाच कायदा घरात लावला. कुकर चढवला नाही. नवऱ्यानं मोटारसायकल ढकलत रस्त्यापर्यंत नेली. सासूबाईंनी पूजा केली, पण देवाची घंटी वाजवली नाही. भाजीवाल्याला मी फाटकावरूनच परतवलं. शेजारीण विचारायला आली, तिला तोरा मिरवत सांगितलं, "आज लागलीय झोप. आता सुधारणार बघा." भावाला फोनवर कुजबुजत तेच सांगितलं. तोही हसला.

गोळीची वेळ टळून गेली तेव्हा मन घट्ट करून मी तिला उठवायला गेले. गोधडीत हात घातला. तिचा हात गार होता.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या, झोपेतच. येणारी-जाणारी माणसं म्हणत होती, पुण्यवान बाई, त्रास नाही, काही नाही. मला ते ऐकवत नव्हतं, अजूनही ऐकवत नाही. आई गेली होती आणि मी आनंदात होते. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत नव्हते. ती रात्री थोडी तरी झोपली होती का, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नाही.

दुपारी भाऊ आला. दारातच त्यानं "आई गं" म्हणून हंबरडा फोडला, आणि माझं बोट आपसूक ओठांवर गेलं.

"हळू रे," मी म्हणाले.