डब्बूचा सुळा

जनावरांची डॉक्टर शुभा पेडणेकर कुत्र्यांचे दातही बघते, हे कळल्यावर भाऊ घाडी डब्बूला घेऊन तिच्या विक्रोळीच्या दवाखान्यात आले. डब्बूचा वरचा सुळा मागून घासून अर्धा झाला होता. भाऊ आणि शेवंतीवहिनी कामावर गेले की तो बाल्कनीत कोंडलेला असे, आणि दिवसभर लोखंडी ग्रील चावत बसे.

एक्स-रेमध्ये दाताची नस शाबूत दिसली. शुभानं आधी ग्लास आयनोमर भरलं. हे सिमेंट जरा ओलसर दातालाही धरतं आणि लवकर होतं, त्यामुळे कुत्र्याला भूल थोडाच वेळ द्यावी लागते. पण ते ठिसूळ. गणपतीआधीच निघालं. मग तिनं कॉम्पोझिट घेतलं. ते जास्त कणखर, पण दात अगदी कोरडा लागतो आणि एकेक थर निळ्या उजेडात घट्ट करावा लागतो. डब्बू बराच वेळ भुलीखाली राहिला. दिवाळीत तेही पडलं.

तिचा नवरा अनिरुद्ध माणसांचा डेंटिस्ट. जेवताना म्हणाला, "बाँडिंग नीट झालं नसेल गं. माझी फिलिंग्ज वर्षानुवर्षं टिकतात."

"तुझे पेशंट ग्रील चावत नाहीत रे!" शुभा ताट सारून उठली.

आता धातूची कॅपच हवी होती. पण कॅप बनवणारे लॅबवाले फोनवर हसायचे. "कुत्र्याची कॅप? नको मॅडम." शेवटी एक तयार झाला, तोवर सुळा हिरडीपर्यंत मोडून नस उघडी पडली होती, कॅप बसवायला काही उरलंच नव्हतं.

"दोनदा भरलात, तरी पडलाच मा?" भाऊ म्हणाले.

"भाऊ, मी दरवेळी सांगतेय, त्याला ग्रीलपासून लांब ठेवा! लोखंडापुढे काय टिकणार?"

"घरात ठेवलो तर भुंकता. शेजारी तक्रार करतत."

शुभानं सुळा काढला. मूळ इतकं लांब की सगळी सकाळ त्यात गेली. डब्बू लवकरच भात-बांगडा खायला लागला, भाऊ खूश झाले. शुभाला मात्र वाचण्यासारखा दात गेल्याची चीड होती.

टाके दाखवायला डब्बूला आणलं तेव्हा दुसऱ्या सुळ्यावरही ताजे ओरखडे दिसले.  दवाखाना बंद करून ती भाऊंसोबत त्यांच्या घरी गेली, आणि सुतार येऊन ग्रीलला आतून प्लायवूड ठोकेपर्यंत सोफ्यावरून उठली नाही. वहिनींनी दिलेला चहा तसाच राहिला.